वरणाच्या पाण्यातून ६० ग्रॅम प्रोटीन कसं होणार? – वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोपरखैरण्याला राहते, वय ४३. नऊ दिवसांपूर्वी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ते. डिस्चार्ज देताना सांगितलं की दोन आठवडे फक्त लिक्विड आणि रोज ६० ग्रॅम प्रोटीन झालंच पाहिजे. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासूबाई अगदी मनापासून करतायत सगळं, सकाळी शहाळ्याचं पाणी, मग वरणाचं पाणी, दुपारी पातळ ताक, संध्याकाळी पनीर केल्यावर उरलेलं पाणी, कारण सगळं प्रोटीन त्यात उतरतं म्हणतात. तरी मला उभं राहिलं की गरगरतं, पायात जोर वाटत नाही. मुलाचा जिमचा पावडरचा डबा घरात आहे पण त्याचा व्हॅनिलाचा वास आला तरी मळमळतं, आणि सासूबाईंना वाटतं त्याने किडनी जाते. काय करू?

उत्तर : आधी गरगरण्याचं बोलूया, प्रोटीन त्यानंतर. नवव्या दिवशी गरगरतं तेव्हा बहुतेक वेळा पाणी कमी पडत असतं. लघवीचा रंग बघा, गडद पिवळी असेल आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर पाणी कमीच आहे. आणि बीपीची किंवा शुगरची गोळी ऑपरेशनआधीच्याच डोसमध्ये चालू असेल तर आजच सर्जनना फोन करा, कारण खाणं इतकं कमी झालं की हे डोस बरेचदा कमी करावे लागतात, ते आपल्या मनाने करायचं नाही. ताप, छातीत धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोरात दुखणं, दम लागणं यातलं काहीही असेल तर पत्र-मेसेज करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. आणि उलट्या थांबतच नसतील तर दोन दिवसांच्या वर घरी काढू नका, त्यात बी-१ जीवनसत्त्व फार लवकर संपतं आणि त्याचा थेट मेंदूवर परिणाम होतो.

आता सासूबाईंच्या पाण्यांबद्दल. त्या जे करतायत ते प्रेमानेच, आणि तुमच्या पोटात लिक्विड जातंय ते त्यांच्यामुळेच, त्यामुळे ते बंद करू नका. पण प्रोटीनच्या हिशोबात यातलं जवळपास काहीच येत नाही. शहाळ्यात प्रोटीन नसल्यातच जमा. वरणाची डाळ तळाशी राहते आणि आपण वरची निवळ घेतो, त्यात वाटीला एखादा ग्रॅम असेल नसेल. पातळ ताकाचंही तेच, दह्यात जे होतं ते आपण पाणी घालून चौपट पातळ केलं. पनीरच्या पाण्याबद्दल सासूबाई थोड्या बरोबर आहेत, पावडरीतलं व्हे प्रोटीन अशाच, चीज करताना उरणाऱ्या पाण्यातून काढतात, फक्त घरच्या पाण्यात ते १०० मिलीला एक ग्रॅमही नसतं, म्हणजे ६० ग्रॅमसाठी सहा लिटरच्या वर प्यावं लागेल आणि तुमच्या पोटात सध्या तासाला जेमतेम १२० मिली मावतं. सासूबाईंना हा हिशोब असाच शांतपणे सांगा, म्हणावं आई तुम्ही करताय तेच करायचंय, फक्त दाट करायचंय.

तासाला १२० मिली कुठून आलं ते सांगते, कारण सगळा दिवस त्यावरच उभा आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर प्लॅस्टिकचं छोटं झाकण मिळतं ना रेषा असलेलं, ते धुऊन घ्या. साधारण ३० मिली, दर पंधरा मिनिटांनी, आणि तेही एका दमात नाही, दोन-तीन घोटात, तोंडात जरा फिरवून. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. साडेबारा तास असं चाललं की दीड लिटर होतं. एवढं रोज जाणं हे पहिलं काम. प्रोटीन आणि पाणी दोन्ही जमत नसेल त्या दिवशी पाण्याला प्राधान्य द्या, प्रोटीन रोज पाच-दहा ग्रॅमने वाढवत न्या, पहिल्याच दिवशी ६० झालं नाही म्हणून रडू नका, पण ते तसंच सोडूनही देऊ नका, कारण जखम भरायला आणि स्नायू टिकवायला शरीराला ते हवंच असतं, बाहेरून मिळालं नाही तर ते मांड्या-दंडातून काढून घेतं, आणि मग वजनाचा काटा खाली जातो पण पायात ताकद राहत नाही.

मग दाट कसं करायचं. सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे साधी स्किम्ड मिल्क पावडर, वाण्याकडे मिळते ती, चहाची व्हाइटनर नाही हं, त्यात साखर असते. १०० ग्रॅम पावडरीत ३५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. २०० मिली डबल टोन्ड दुधात दोन मोठे चमचे सपाट, म्हणजे १५ ग्रॅम पावडर, की दुधाचं साडेसहा आणि पावडरीचं पाच मिळून ११ होतं. नुसतं दूध तेवढंच प्यायलात तर साडेसहा, तेवढ्याच घोटांत जवळपास दुप्पट झालं की नाही. दुधाने गॅस किंवा जुलाब होत असतील तर लॅक्टोज-फ्री, म्हणजे दुधातली मूळची साखर काढलेलं दूध घ्या.

पण निव्वळ दुधावर ६० होणार नाही, पावडर लागेलच, तेव्हा त्या जिमच्या डब्याचं बघू. डबा फिरवून मागचं लेबल वाचा. ‘मास गेनर’ लिहिलं असेल तर तो मुलालाच राहू दे, त्यात प्रोटीनपेक्षा कार्ब्ज कितीतरी जास्त असतात. तुम्हाला हवा व्हे आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं व्हे प्रोटीन, एका स्कूपमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, साखर अगदी नावाला, आणि वास सहन होत नाही म्हणून अनफ्लेवर्ड. आयसोलेटमध्ये लॅक्टोज फार कमी असतं. कोलॅजन पावडर घेऊ नका, ते अपुरं प्रोटीन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा एक गरजेचा घटक नसतोच. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर आणि हातात पक्कं बिल हवं, कोणीतरी जिमवाल्याने सुटी आणून दिलेली पावडर या दिवसांत तरी नकोच. आणि किडनीचं सासूबाईंना सांगा की ही पावडर दुधाचीच आहे, दिवसाला ६०-८० ग्रॅम प्रोटीनने धडधाकट किडनीला काही होत नाही, ऑपरेशनआधीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, बघितलेलं असतंच. ते वाढलेलं असेल तरच डॉक्टरांनी वेगळा आकडा दिलेला असणार, तो पाळायचा.

गुठळ्या होतात म्हणून अर्ध्या बायका पावडर सोडतात. अहो, पिठल्याला बेसन कालवतो तसंच करायचं, आधी वाटीत पावडर, त्यात दोन-तीन चमचे गार पाणी, चमच्याने घोटून गंधासारखं करून घ्यायचं आणि मग उरलेलं पाणी किंवा दूध हळूहळू. उकळत्यात कधीच घालायची नाही, दही फाटावं तशी फुटते. टोमॅटोचं सार गाळून, गॅसवरून उतरवून बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झालं की त्यात घाला. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते ताकात, दाट दह्याचं गाळलेलं ताक, त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, मिरची नाही. गोडाने मळमळणाऱ्या बऱ्याच जणी या मसाला ताकावर तरून जातात.

तुमचा दिवस असा धरा : सकाळी ते ११ ग्रॅमवालं दूध. नंतर एक स्कूप २०० मिली पाण्यात, २५. दुपारी १०० ग्रॅम दह्याचं ताक एक चमचा मिल्क पावडर घालून, ६. संध्याकाळी वरण डाळीसकट मिक्सरला फिरवून, गाळून, दीड वाटी, त्यात अर्धा स्कूप, मिळून १४. झोपायच्या आधी १०० मिली हळदीचं दूध बिनसाखरेचं, ३. बेरीज ५९. ही सगळी लिक्विडं मिळून आठशे मिलीच्या आसपास होतात, उरलेलं सातशे मिली साधं पाणी आणि सासूबाईंचं शहाळं. नाचणीच्या आंबिलात गूळ घालू देऊ नका, या पोटाला गोड सोसत नाही, घाम-धडधड-जुलाब सुरू होतात. २०० मिलीचा पेला संपायला पावणेदोन तास लागतील, लागू देत, पण थोडंथोडं करून फ्रिजमधूनच काढत जा.

प्रश्न : ठाण्याला वर्तकनगरला असतो, वजनासाठीचं गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नाही, जठराचं) होऊन तीन आठवडे झाले, सोमवारपासून ऑफिस. सकाळची लोकल, नंतर मीटिंगा. शेक बाटलीत करून नेला तर चालेल? आणि मित्र म्हणतो कच्चं अंडं दुधात घाल, नाहीतर पाया सूप पी.

उत्तर : तयार शेक बाहेर दोन तासांच्या वर नको, आपल्या उकाड्यात तर नाहीच. कोरडी पावडर दोन छोट्या डब्यांत मोजून न्या, गार पाण्याची बाटली वेगळी, ऑफिसात कालवा. गर्दीच्या गाडीत मोठा घोट जातो आणि छातीत अडकल्यासारखं होतं, म्हणून ठाणे स्टेशनला यायच्या आधीच तेवढे दोन घोट घेऊन टाका, डब्यात चढल्यावर नको. साहेबांना सांगून ठेवा की मीटिंगमध्ये समोर झाकणाची बाटली असेल, त्यात लाजायचं काही नाही. कच्चं अंडं अजिबात नको, टाके ताजे असताना कच्च्या अंड्यातला साल्मोनेला जंतू परवडणारा नाही. पाया सूप गाळून चवीला प्या, पण त्यात उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, ते ६० मध्ये मोजू नका. तुमच्या सर्जननी प्युरी सुरू करायला सांगितलं असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग दह्यात मिक्सरला फिरवून घ्या, एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम मिळतं.

प्रश्न : आईच्या वजनाच्या ऑपरेशनला चार महिने झाले, आम्ही नेरूळला असतो. न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. ती रडते. केसांसाठी बायोटिन जीवनसत्त्वाची गोळी देऊ का?

उत्तर : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हे बऱ्याच जणींना होतं, ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन यांचा तो धक्का असतो, मुळं जिवंत असतात आणि केस परत येतात, आईला हे आधी सांगा, आज संध्याकाळीच सांगा. नुसत्या बायोटिनने भागत नाही. तिचं रोजचं प्रोटीन खरंच किती होतंय ते तीन दिवस वहीत लिहा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि झिंक तपासून घ्या, आणि लोहाची गोळी ती कॅल्शियमबरोबरच घेतेय का ते बघा, दोन्हीत किमान दोन तासांचं अंतर लागतं, नाहीतर लोह अंगाला लागत नाही. रिपोर्ट आणि वही दोन्ही घेऊन फॉलोअपला जा.