टक्का कमी, पण पैसे कुणाच्या खात्यात?

प्रश्न: वाळपईत आमचा काजूगर, आगळ, आमसुलांचा धंदा आहे. आता वेबसाइटवरून बेळगाव, कोल्हापूर, पुण्याला माल पाठवायचा आहे. पेमेंट गेटवेसाठी दोन कंपन्या आल्या. एकीचा दर दुसरीच्या निम्मा आहे. पण तिच्या करारात ‘संशय आल्यास १८० दिवस रक्कम रोखता येईल’, ‘वाद फक्त दिल्लीत’ आणि ‘मालकाची वैयक्तिक हमी’ अशी कलमं आहेत. सही करू का?
— एक वाचक, सत्तरी (गोवा)

उत्तर: आहे त्या मसुद्यावर नको.

दराचं आधी उरकतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून घेतला जाणारा टक्का, शून्य आहे. तेव्हा तो निम्मा दर नेमका कशावर, आणि ‘प्लॅटफॉर्म फी’ वेगळी किती, ते लेखी मागा. बऱ्याचदा निम्म्याची गोष्ट तिथेच संपते.

खरा प्रश्न पुण्यातल्या गिऱ्हाइकाने पैसे भरल्यापासून ते तुम्हाला मिळेपर्यंत कुठे असतात, हा आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली, बँक नसलेल्या पेमेंट ॲग्रीगेटरला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अशी कंपनी व्यापाऱ्यांचे पैसे शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेतल्या एस्क्रो खात्यातच ठेवते; म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या राखीव खात्यात. उद्या तिचं दिवाळं वाजलं, तरी त्या रकमेवर पहिला हक्क तुमच्यासारख्यांचा असतो. त्या कायद्याचं कलम २३अ तेवढ्यासाठीच आहे. पैसे तिच्या चालू खात्यात जात असतील, तर तुम्ही तिच्याकडून पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी आहे. तिथे ब्रँडचं नाव शोधू नका, करारावरचं कंपनीचं कायदेशीर नाव शोधा. ‘तत्त्वतः मंजुरी’ म्हणजे अंतिम परवानगी नव्हे. आणि तुमच्याकडे आलेला माणूस दुसऱ्याच कुणाची सेवा विकणारा मधला एजंट असेल, तर ज्याला परवानगी आहे त्याच्याशीच थेट करार मागा.

१८० दिवसांच्या कलमाला लगाम हवा: रोखण्याचं कारण लेखी कळवावं, फक्त वादातलीच रक्कम अडवावी, बाकीची ठरल्या दिवशी द्यावी. काजूचा हंगाम मार्च ते मे. त्या गल्ल्यावरच पुढची खरेदी होत असेल, तर सहा महिने कोण थांबणार?

दिल्लीचं कलम हलक्यात घेऊ नका. ज्या न्यायालयांना मुळात अधिकार आहे त्यांपैकी एकच निवडणं वैध आहे. स्वस्तिक गॅसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच मानलं. वाद मिटवायला कंपनीने स्वतःच एकमेव लवाद (न्यायालयाबाहेरचा पंच) नेमायचा, असं कलम असेल, तर ते मात्र सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. पण ते टिकत नाही हे सांगायलाही दिल्लीलाच जावं लागेल! लवादाचं ठिकाण पणजी मागा. मिळेलच असं नाही, मागायला काय जातं?

वैयक्तिक हमी काढून टाकायला सांगा. तिच्यामुळे धंद्याचं देणं तुमच्या खासगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर सहसा मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असते. घर-कुळागर पणाला लागेल असा कागद घरात न दाखवता सही करू नये.

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल, तर परराज्यात माल विकता येत नाही. त्यातून बाहेर पडून नियमित नोंदणी करा, मगच बेळगावची पहिली ऑर्डर घ्या. फेणी मात्र या वेबसाइटवर ठेवू नका. दारूचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि अशी एक बाटलीदेखील खातं गोठवायला पुरते.