जोरदार ठोसा की भक्कम बचाव?

आपण विचारले आहे की, जबरदस्त ठोसा असलेला बॉक्सर आणि बचावात तरबेज असलेला बॉक्सर समोरासमोर आले, तर पारडे कोणाचे जड असते आणि नव्याने शिकणाऱ्याने कशावर भर द्यावा. मी काही वर्षे हौशी मुष्टियुद्ध खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. माझे मत असे की, शिकताना बचाव आधी यावा. पण म्हणून ताकदीला दुय्यम मानू नये. याला अमेरिकन हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातील) बॉक्सर जॉर्ज फोरमनइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण तो एकदा बचावापुढे हरला आणि वीस वर्षांनी केवळ ठोशाच्या बळावर जिंकला.

30 ऑक्टोबर 1974 रोजी झैरेमधील किन्शासा येथे तो मुहम्मद अलीविरुद्ध उतरला, तेव्हा त्याने 40 पैकी 40 लढती जिंकल्या होत्या आणि त्यांतील 37 नॉकआउटने. ज्या जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन यांनी अलीला हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत गारद केले होते. अलीने रिंगच्या दोरांना पाठ टेकली, कोपरे फासळ्यांशी आणि हातमोजे चेहऱ्याशी घट्ट धरले आणि फोरमनला मारू दिले. फोरमनचे ठोसे लांबून, मोठा वळसा घेऊन यायचे. अली कमरेतून मागे झुकला की त्यांतले बरेचसे दंडांवर आदळायचे किंवा हवेत जायचे. हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा अधिक दमवतो, कारण समोर अडवणारे काही नसल्यामुळे तो स्वतःच्याच खांद्याने आणि कमरेने थांबवावा लागतो. सात फेऱ्यांत फोरमनचे हात जड झाले आणि आठव्या फेरीच्या अखेरीस अलीने दोरांवरून सुटून त्याला खाली पाडले.

या लढतीला निव्वळ बचावाचा विजय म्हणणे मात्र मला पटत नाही. अली पहिल्या फेरीपासून सरळ उजव्या हाताचे ठोसे नेमके लावत होता आणि दोरांवर असतानाही मधूनमधून प्रत्युत्तर देत होता. प्रत्युत्तराचे भय नसते, तर फोरमन घाई न करता निवांतपणे मारत राहिला असता. शिवाय त्या रात्री अलीने पोटावर आणि बरगड्यांवर जो मार झेलला, तो पाहता ही पद्धत मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला शिकवणार नाही.

आता दुसरी लढत पाहा. 5 नोव्हेंबर 1994 रोजी लास वेगासमध्ये 45 वर्षांचा फोरमन 26 वर्षांच्या, तोपर्यंत अपराजित असलेल्या जागतिक हेवीवेट विजेत्या मायकेल मूररसमोर उभा होता आणि फोरमनच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून अँजेलो डंडी होते, जे किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होते. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत त्याचा आखूड, सरळ उजवा ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि लढत संपली. वयानुसार पायांचा वेग जातो, डोळ्यांची चपळाई जाते, पण ठोसा सर्वांत शेवटी जातो, असे आमच्या खेळात म्हणतात ते यासाठीच. गुणांवर पुढे असलेल्या बचावपटूला प्रत्येक फेरीत प्रत्येक क्षणी सावध राहावे लागते. ठोसेबाजाला एकच क्षण पुरतो.

बचाव टिकतो की नाही, हे तो कशावर उभा आहे यावर ठरते. अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्स हात खाली सोडून केवळ चपळाईवर ठोसे चुकवायचा आणि त्याच्या बहराच्या काळात ते पाहणे हा निखळ आनंद होता. पण 2004 मध्ये, जोन्स 35 वर्षांचा असताना, प्रतिस्पर्धी अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवे केले. याउलट दुसरा अमेरिकन बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्स याचा बचाव अंतर, पायांची जागा आणि खांद्याआड लपवलेली हनुवटी यांवर उभा होता. त्याने 2011 मध्ये 46 व्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवले आणि सर्वाधिक वयाचा विजेता हा फोरमनचाच विक्रम मोडला.

आपण शिकायला सुरुवात करत असाल, तर एक गोष्ट स्वतःवर तपासून पाहा. उजव्या हाताच्या ठोशाचे बळ दंडात नसते. मागच्या पायाची टाच वळते, तिच्यामागून कंबर वळते आणि मग खांदा मूठ पुढे ढकलतो. नवखा मुलगा पूर्ण जोर लावतो तेव्हा त्याचे वजन पुढच्या गुडघ्याच्याही पलीकडे जाते, मागचा पाय जमिनीवरून सुटतो आणि पुढचे अर्धे सेकंद त्याला ना दुसरा ठोसा मारता येतो, ना डोके हलवता येते. मी अशा वेळी त्याला जोर निम्मा करायला आणि ठोसा मारून झाल्यावर त्याच जागी क्षणभर थिजून उभे राहायला सांगतो. तोल न जाता उभे राहता आले, तरच पुढचा ठोसा थोडा अधिक जोरात मारायचा. साधारण दोन महिने हे केले की सँडबॅगवरचा आवाज बदललेला ऐकू येतो आणि समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आला तर अर्धे पाऊल मागे सरकायला पायही मोकळे असतात.