ठरला पाण्यावरचा व्हिला, मिळाली झाडीतली खोली

प्रश्न: हनिमूनसाठी आम्ही एका भारतीय ट्रॅव्हल कंपनीकडून मालदीवच्या एका महागड्या रिसॉर्टचं चार रात्रींचं पॅकेज घेतलं, विमानाच्या तिकिटांसकट. ३ लाख ८५ हजार रुपये सासऱ्यांनी भरले, बिलही त्यांच्याच नावावर आहे. 'वॉटर व्हिला कन्फर्म आहे' असं कंपनीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी आलेल्या व्हाउचरवर मात्र 'वॉटर व्हिला किंवा तत्सम' असं होतं. आमचं विमान संध्याकाळी उतरलं तेव्हा बेटावर नेणाऱ्या सीप्लेनची (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांची) वाहतूक बंद झाली होती, म्हणून पहिली रात्र पदरचे पैसे घालून मालेच्या हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवर पोचलो तर व्हिला नाही! झाडीतली खोली दिली, मागेच बांधकाम सुरू. एका कागदावर सही घेतली, मगच किल्ली दिली. वर एक डिनर फुकट. परत येऊन पाच महिने झाले. कंपनी म्हणते, 'रिसॉर्टशी बोला. तक्रार करायचीच तर फक्त दिल्लीत करा. नाहीतर पुढच्या ट्रिपसाठी २५ हजारांचं कूपन घ्या.' नवरा म्हणतो, सोडून दे. सही केली म्हणजे हक्क गेला का? आणि नणंदेचं लग्न ठरलंय, तिलाही अशाच बेटावर जायचंय. तिने काय बघावं?

उत्तर: तुमचं पत्र आणि सोबतचे कागद दोनदा वाचले. हक्क गेलेला नाही. आणि ते कूपन घेऊ नका.

सहीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या मनात खरी धास्ती तिचीच आहे. मालदीवमध्ये साधारणपणे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. जाहिरातीत हाच एकांत विकला जातो आणि अडचण आली की हाच एकांत पाहुण्याला कोंडीत पकडतो. शहरात खोली पसंत पडली नाही तर बॅग उचलून समोरच्या हॉटेलात जाता येतं. तुमच्या चारी बाजूंना समुद्र होता, किल्ली काउंटरच्या पलीकडे होती. अशा सहीकडे कायदा डोळे झाकून बघत नाही. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलं की भरपाईच्या पावतीवर सही केली एवढ्यावरून ग्राहकाचा हक्क बुडत नाही. ती सही फसवून, चुकीची माहिती देऊन किंवा दबावाखाली घेतली असेल तर त्याला पुढे दाद मागता येते. मात्र तसं झालं हे दाखवण्याची जबाबदारी ग्राहकावर असते.

ते दाखवायला तुमच्याकडे पुरावा आहे, तुम्हाला त्याची किंमत कळलेली नाही एवढंच. सहीच्या कागदावर 'पर्यायी खोली स्वीकारली' एवढंच आहे. 'यापुढे कोणतीही मागणी नाही' असं एक अक्षर नाही. त्यावर वेळ आहे १.१०. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये १.२५ ला तुम्ही कंपनीच्या माणसाला लिहिलंय, 'ही खोली आम्हाला नकोय, प्लीज काहीतरी करा.' खाली दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. राजीखुशीने खोली घेतलेलं माणूस पंधरा मिनिटांत असा मेसेज करत नाही. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉट पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा.

'किंवा तत्सम' या दोन शब्दांना फार घाबरू नका. तत्सम म्हणजे त्याच तोडीचं. पाण्यावरच्या व्हिलाच्या तोडीचा दुसरा व्हिला होऊ शकतो, बांधकामाला लागून असलेली खोली नाही. शिवाय हे शब्द पैसे घेऊन झाल्यावर, निघायला दोन दिवस उरले असताना आले. छापील अटीचे दोन अर्थ निघत असतील तर अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, हा जुना आणि पक्का नियम आहे.

'आम्ही फक्त मधले, रिसॉर्टशी बोला' हे कंपनीचं म्हणणं तिचंच बिल खोडून काढतं. त्यावर टीसीएसची, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेल्या आयकराची, वेगळी ओळ आहे, ती बघा. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्यालाच तो कर ग्राहकाकडून गोळा करावा लागतो. सरकारपुढे विक्रेता आणि तुमच्यापुढे नुसता मध्यस्थ, अशा दोन भूमिका घेता येणार नाहीत. (सासऱ्यांना सांगा, ती रक्कम त्यांच्या आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. पुष्कळ लोक हे विसरतात.) पहिल्या रात्रीबद्दल तर कंपनीला बोलायला तोंडच नाही. तिथली सीप्लेन दिवसाउजेडीच उडतात. मालदीव विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, आणि संध्याकाळी उतरणारं विमान निवडलं कंपनीने.

दिल्लीची अटही तुम्हाला अडवू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कायद्याने दिलेला हा हक्क कंपनीच्या छापील अटीने पुसला जात नाही. पैसे सासऱ्यांनी भरले याचीही काळजी नको. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थीसुद्धा या कायद्यात ग्राहकच असतो. तरी सासरे, नवरा आणि तुम्ही अशी तिघांची एकत्र तक्रार करा, म्हणजे तो आक्षेपच उरणार नाही.

आता एक काम आजच करा. बाकी सगळ्यापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. रिसॉर्टच्या आरक्षण विभागाला ईमेल पाठवून दोनच गोष्टी विचारा: आमच्या नावाने कोणत्या प्रकारच्या खोलीचं आरक्षण झालं होतं, आणि व्हिला मिळणार नाही हे तुम्ही कंपनीला कधी कळवलं? भांडू नका, नम्रपणे विचारा. 'आरक्षण मुळात साध्या खोलीचंच होतं' असं उत्तर आलं तर तुमचं प्रकरण साफ बदलतं. मग ती रिसॉर्टची चूक राहत नाही. कंपनीने तुमच्याकडून व्हिलाचे पैसे घेऊन खोली घेतली असा त्याचा अर्थ होतो, आणि ती सेवेतली त्रुटी तर आहेच, अनुचित व्यापारी प्रथाही आहे.

तक्रार याच दोन मुद्द्यांवर लिहा. 'अनुचित करार', म्हणजे कराराच्या अटीच एकतर्फी होत्या, हा मुद्दा मुख्य करू नका, त्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे चालत नाहीत, राज्य आयोगाकडे जाव्या लागतात. उगाच वेळ जाईल.

किती मागावं? पूर्ण ३ लाख ८५ हजार मिळतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तुम्ही तिथे राहिलात, जेवलात. आयोग ते धरणारच. व्हिला आणि खोली यांच्या दरातला फरक, मालेच्या हॉटेलचं बिल, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढं ठामपणे मागा. तिथे भरलेला ग्रीन टॅक्सही तुम्ही यादीत धरलाय, तो काढा. तो सरकारी कर आहे आणि व्हाउचरवर 'स्थानिक कर वेगळे' असं स्पष्ट लिहिलंय. एक कच्ची मागणी चार पक्क्या मागण्यांना खाली ओढते.

'सोडून दे' म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना एक जुना खटला सांगा. जार्विस नावाचे एक इंग्रज वकील १९६९ च्या नाताळात स्वित्झर्लंडला सहलीला गेले. कंपनीने माहितीपत्रकात हॉटेलातल्या मेजवान्या, गाणी, सोबत अशी वर्णनं केली होती. दुसऱ्या आठवड्यात त्या हॉटेलात पाहुणे म्हणून ते एकटेच उरले. गाणारा म्हणून जो आला तो गावातलाच एक माणूस, कामाच्या कपड्यांत, चार-पाच गाणी म्हणून निघून गेला. सहलीचे ६३ पौंड आणि काही पेन्स भरले होते. खालच्या कोर्टाने त्याच्या निम्मे दिले. १९७२ साली अपील न्यायालयाने १२५ पौंड दिले, कारण विकला होता तो आनंद, आणि तोच मिळाला नव्हता. आपल्याकडेही ग्राहकाच्या मानसिक त्रासाची भरपाई देता येते हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच स्पष्ट केलंय. हनिमून काही दर वर्षी येत नाही. तुमचं दुःख लाडावलेलं नाही.

पुढची वाट सोपी आहे. कंपनीला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. ती सक्तीची नाही, पण पुष्कळ कंपन्या तिथेच नरमतात. नाही नरमली तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर जा, फक्त तडजोड रोख पैशांत करा.

नणंदेने फोटो हवे तितके बघावेत, पण आगाऊ रक्कम देण्याआधी खोलीच्या प्रकाराचं नेमकं नाव ईमेलवर लेखी घ्यावं, रिसॉर्टच्या वेबसाइटवर आहे तेच, 'किंवा तत्सम' हे शब्द खोडून. त्या तारखांना बेटावर बांधकाम किंवा डागडुजी आहे का, हे रिसॉर्टलाच विचारावं. कंपनीने आरक्षण केलं की त्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि निघायच्या आठवडाभर आधी तो रिसॉर्टकडून स्वतः तपासावा. आणि सीप्लेनने जायचं असेल तर सकाळी किंवा दुपारी लवकर उतरणारंच विमान घ्यावं, मग ते तिकीट थोडं महाग पडलं तरी.