वर्षावनात पहिल्यांदाच मुक्कामी ट्रेकला जायचंय, तयारी काय करावी?

भिजणार हे धरूनच चाला. कपड्यांचे दोनच जोड घ्या: चालायचा ओला, झोपायचा कोरडा. कोरडा जोड ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत. सकाळी कितीही जिवावर आलं तरी पुन्हा ओलाच चढवायचा, नाहीतर दुसऱ्या रात्री दोन्ही ओले. जीन्स नकोच, वाळत नाही, वर मांड्या सोलवटतात. रात्री पाय कोरडे करून पावडर लावा.

तंबूपेक्षा मच्छरदाणीचा हॅमॉक (दोन झाडांना बांधून झोपायची झोळी) आणि वर ३ बाय ३ मीटरची ताडपत्री बरी. बांधण्याआधी वर वाळकी फांदी लटकतेय का बघा. जळू खेचू नका, तोंडाशी नख घालून सरकवा. विषुववृत्ताजवळ सहा-साडेसहाला अंधारतं, दाट झाडीत आधीच. चारला मुक्काम टाका. मलेरियाच्या भागात जात असाल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात, डॉक्टरांना वेळेत गाठा.