आधी पत्रक जमिनीवर टाकून बघ

पोरी,

तुमच्या बँडच्या कार्यक्रमाचं जे पत्रक परवा तू दुकानात ठेवून गेलीस ते मी तीनदा बघितलं. एकदा काउंटरवर, एकदा घरी ट्यूबलाइटखाली, आणि काल दिवेलागणीनंतर आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात स्कूटरच्या सीटवर ठेवून. "काका, मोबाईलवर इतकं छान दिसत होतं, छापल्यावर असं मळकट का झालं?" असं तू विचारलंस, तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. उत्तर लांबणार होतं. म्हणून लिहितो आहे.

मोबाईलवरचा रंग म्हणजे प्रकाश. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत जेवढा असेल तेवढा शाईतून आत जातो, कागदावर आदळून परत येतो, आणि येताना कमी होऊन येतो. तुझी फाईल आरजीबीत होती, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात. मशीनवर मात्र सियान, मजेंटा, पिवळी आणि काळी, अशी चारच रंगांची शाई. तू निवडलेला तो झगझगीत जांभळा या चारांतून निघतच नाही. मशीनने त्यातल्या त्यात जवळचा रंग धरला आणि तो वांग्यासारखा झाला. यात तुझी चूक एवढीच की तू शेवटपर्यंत पडद्यावरच बघत राहिलीस. पुढच्या वेळी पहिल्या रेषेपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्याच रंगांत, काम कर, म्हणजे जे मिळणार नाही त्याचा लोभ सुरुवातीलाच सुटेल.

पण रंग हे दुसरं दुखणं आहे. पहिलं वेगळंच आहे.

एक कर. पत्रक खऱ्या मापात घरच्या प्रिंटरवर काढ, काळं-पांढरं निघालं तरी चालेल, कात्रीने काप आणि जमिनीवर टाक. मग उभी राहून त्याच्याकडे बघ. वाटलेल्या पत्रकांतली कितीतरी शेवटी जमिनीवरच पडतात, चहाच्या टपरीजवळ, पार्किंगमध्ये, कॉलेजच्या पायरीवर. तिथून ते एखाद्याला वाकायला लावतं की नाही, यावर त्याचं काम ठरतं. तुझ्या पत्रकात मला उभ्याने एका गिटारचा दांडा दिसला. बँडचं नाव दिसलं नाही. तारीख वाकल्यावर दिसली. वार तर नव्हताच.

वार लिहीत जा. तारखेच्या आधी आणि तारखेहून मोठा. माणूस '१४' वाचून काही ठरवत नाही, 'शनिवार' वाचला की त्याच्या मनात संध्याकाळ उभी राहते. आणि लिहिलास की कॅलेंडर उघडून ताडून बघ. माझा छापखाना नवा होता तेव्हा नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमाचं हँडबिल मी छापलं. आयोजकांनी हाताने लिहून दिलं होतं, शनिवार आणि पुढे तारीख. मी तसंच जुळवलं, त्यांनी प्रूफवर सही केली, दोन हजार प्रती गेल्या. ती तारीख रविवारची होती. शनिवारी संध्याकाळी मला निरोप आला म्हणून धावत गेलो, तर हॉलच्या बंद दारापुढे तीस-चाळीस माणसं उभी. त्यांत कारेलीबागेतून रिक्षाने आलेल्या एक आजी होत्या, अंबाड्यावर गजरा माळून. त्यांनी माझ्या हातात ते हँडबिल दिलं आणि बोटाने 'शनिवार' दाखवला. रागावल्या नाहीत. मी त्यांना घरी सोडून आलो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्षाचं कॅलेंडर असतं, आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला वार मी त्याच्यासमोर ताडतो.

वारानंतर जागा. नुसतं कॅफेचं नाव पुरत नाही. कुठल्या रस्त्यावर, कशासमोर, कितव्या मजल्यावर, जिना कुठून, हे एका ओळीत सांग. वेळ दोनदा लिही, दार कधी उघडणार आणि गाणं कधी सुरू होणार. प्रवेश मोफत असेल तर तसं लिही, तिकीट असेल तर आकडा लिही. आकडा लपवला की लोक तो मनातल्या मनात वाढवतात. आणि तुम्ही काय वाजवता ते चार शब्दांत सांग. 'लाइव्ह म्युझिक' म्हणजे काहीच नाही. तुमच्यातला तो मुलगा ड्रमसेटच्या शेजारी ढोलकी ठेवतो ना? मग ढोलकी आहे असं लिही. त्यासाठीच येणारी माणसं या गावात आहेत.

चित्राचंही तेच. गिटारचा फोटो तू नेटवरून घेतलास, तो जगातल्या कुठल्याही बँडचा असू शकतो. ढोलकीची पुडी, म्हणजे तिचं कातडं, वरून दिसते तशी काढ, मधल्या काळ्या शाईच्या गोलासकट. एक मोठा गोल, आत काळा गोल, बस. आपल्याकडे उत्तरायणात आंखेदार, चांदेदार, पट्टेदार पतंग मिळतात ते आठव. त्यांच्यावर नक्षी नसते. एक डोळा, एक चंद्र, एक पट्टा, दोन रंग, आणि पाच गच्च्यांपलीकडून कळतं की कुणाचा पतंग चढतो आहे. पत्रकाचं चित्र असंच हवं. डोळे किलकिले करून बघितल्यावरही जे उरतं ते तुझं चित्र, बाकीचं काढून टाक.

तू मला सॅन फ्रान्सिस्कोची ती साठच्या दशकातली पोस्टरं दाखवलीस, वेस विल्सनची, ज्वाळांसारखी वळलेली अक्षरं, आणि म्हणालीस की वाचता येत नाही म्हणूनच माणूस थांबतो. खरं आहे तुझं, मीही थांबलो. पण नीट बघ, १९६६च्या त्या गाजलेल्या पोस्टरमध्ये रंग किती आहेत? हिरव्यावर लाल. अक्षरांचा सगळा मिळून एक आकार होतो, आणि तो आकार लांबूनच ओढून घेतो. तुझ्या पत्रकात आकारही नव्हता आणि वाचताही येत नव्हतं. अक्षरं वळवायची असतील तर बँडच्या नावाची वळव, मनापासून वळव. वार, वेळ आणि पत्ता मात्र सरळ उभे ठेव.

अक्षरांवर अजून थोडं लिहितो, कारण इथेच तुझा हात चांगला आहे आणि तू तो वापरत नाहीस. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती शोधून बघ, कमल शेडगे यांनी काढलेली नावं. नाटक विनोदी की गंभीर, हे शब्द वाचण्याआधी अक्षराच्या वळणावरून कळायचं. फॉन्ट निवडून ते होत नाही. बँडचं नाव हाताने काढ, बोरूने, ब्रशने, काडीने, वीस वेळा काढ, त्यातलं एक स्कॅन कर. बाकी मजकुराला मुक्त किंवा बलूसारखा साधा ठाशीव फॉन्ट पुरे, दोन्ही फुकट मिळतात. आणि आपलं पत्रक तीन लिप्यांत असतं, देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी, हे विसरू नकोस. गुजरातीला शिरोरेषा नाही. एकाच मापात लावलीस तर देवनागरीची ओळ जड दिसते आणि गुजराती तिच्याखाली हलकी पडते. आकडा बघू नकोस, डोळ्याने जुळव, गुजराती थोडी मोठी किंवा थोडी ठळक घे.

काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं तू टाकलीस ती भरून गेली आहेत. 'संध्याकाळी'वरचा अनुस्वार भिंगातूनही सापडला नाही मला. शाई कागदावर किंचित पसरते, ती कडेकडून पांढऱ्यात शिरते, आणि देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार ही आधीच नाजूक जागा. काळ्यावर पांढरं हवंच असेल तर अक्षर ठळक घे आणि मोठं घे. मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईत करडा दिसतो, तिथे काळा १०० टक्के ठेवून खाली सियान ४०, मजेंटा ३०, पिवळा ३० टक्के दे. बारीक काळी अक्षरं मात्र नुसत्या काळ्यातच. चार रंग चार प्लेटांवरून, म्हणजे छापायच्या पत्र्यांवरून, एकावर एक बसतात. एखादी प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते. हे दुखणं जुनं आहे. लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. त्याने १८९४मध्ये मुंबईला छापखाना काढला, तेव्हा त्याची चित्रं छापून घरोघरी देवघरांत गेली. तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असे आणि दगडावर दगड जुळवावा लागे. आज दगडाची प्लेट झाली, पण जुळवणं सुटलेलं नाही.

फाईलचं थोडक्यात सांगतो. माप ए५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, नाहीतर कटिंगला पांढरी किनार राहते. मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर तरी आत. फोटो खऱ्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो घेऊ नकोस, तो वाटेत बारीक होऊन आलेला असतो. आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, करून पीडीएफ दे. युनिकोडमधला मराठी मजकूर प्रेसमधल्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्या ऑपरेटरला ते कळतही नाही. क्यूआर कोड २ सेंटिमीटरहून लहान नको, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा, आणि छापलेल्या प्रतीवरून दोन-तीन फोनवर तपासून बघितलेला.

आता खर्च. दीडशे-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, म्हणजे फाईलवरून थेट. हजाराच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटा करून, कारण चार प्लेटांचा खर्च पन्नास प्रतींनाही तेवढाच आणि पाच हजारांनाही तेवढाच. डिजिटलला शीट किती मापाचं ते आधी विचार. १२ बाय १८ इंचावर ब्लीडसकट चार ए५ बसत नाहीत, रुंदीत तीनेक मिलिमीटर कमी पडतात. १३ बाय १९ वर चार आरामात बसतात. निम्म्या मापाचं ए६ केलंस तर त्याच शीटवर आठ, म्हणजे तेवढ्याच पैशात दुप्पट पत्रकं. तुमच्यासारख्या बँडला मी ए६च सांगेन, ते खिशात मावतं.

पण माझं ऐकशील तर चार रंग सोडूनच दे. रंगीत कागद घे, हळदीसारखा पिवळा, आणि त्यावर एकच काळी शाई. एक प्लेट, कमी खर्च, रंग जुळवायची भानगड नाही, आणि कॉलेजच्या बोर्डावर शंभर गुळगुळीत रंगीत कागदांत तोच पहिला दिसेल. अमेरिकेत नॅशव्हिलला हॅच शो प्रिंट नावाचा १८७९पासूनचा छापखाना आहे, तो गाणाऱ्यांची पोस्टरं लाकडी खिळ्यांवर, म्हणजे लाकडात कोरलेल्या सुट्या अक्षरांवर, छापत आला आहे. त्यांची जुनी पोस्टरं बघ, ठसठशीत अक्षर, एक-दोन शाया, आणि भिंत भरून जाते. तुला दुसरा रंग हवाच असला तर फाइन आर्ट्सच्या प्रिंटमेकिंगमध्ये तुझे मित्र आहेत. ढोलकीचा तो मोठा गोल लाल रंगात स्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, हाताने मारून घ्या. प्रत्येक प्रतीत गोल थोडा वेगळा पडेल, आणि असं पत्रक लोक फेकत नाहीत, खोलीत चिकटवतात.

प्रेसमध्ये स्वतः उभी राहा. पहिल्या दोन-चार प्रती निघाल्या की हातात घेऊन दारात उजेडात ये आणि मग हो म्हण. प्रेसवाले घाईत असतात, पण विचारणाऱ्याला कुणी हाकलत नाही. फक्त वेळ निवडून जा. नवरात्राच्या आधी गरब्याचे पास आणि लग्नसराईत कंकोत्र्या, म्हणजे लग्नपत्रिका, या दिवसांत तुझं दोनशे पत्रकांचं काम ढिगाच्या तळाला जाईल. आणि नवरात्रात गिग ठेवूच नका, त्या नऊ रात्री या गावात दुसरं काही ऐकायला कुणी मोकळं नसतं.

वाटायचं कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी, आणि पुन्हा दोन दिवस आधी. गठ्ठा ठेवून निघून येऊ नकोस. फतेहगंजच्या कॅफेत काउंटरवर ठेवायला परवानगी माग आणि तीन दिवसांनी जाऊन किती उरली ते मोज. काला घोडा चौकात सिग्नलला गाडीवाल्यांच्या हातात कोंबू नकोस, ती तिथेच पडतात. सुरसागरच्या म्युझिक कॉलेजात मात्र नक्की जा. सयाजीराव महाराजांनी १८८६मध्ये गायक मौलाबक्षांकडे सोपवलेली गायनशाळा ती, आज तिथे तबला शिकणारी पोरं तुमच्या ढोलकीवाल्याला ऐकायला येतील. त्यांना हातात दे, डोळ्यांत बघून दे, आणि "शनिवारी" हा शब्द तोंडाने म्हण. कार्यक्रम झाला की बोर्डावरची उतरवून आण. शिळी पत्रकं तशीच राहिली की पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही.

बँडचं नाव काढलेले ते वीस कागद घेऊन गुरुवारी ये, अकराच्या आधी, दुकान रिकामं असतं. पिवळ्या कागदाचे तीन नमुने काढून ठेवतो. त्यातल्या एकावर माझ्याच मशीनवर एक प्रत काढू, आणि पायरीवर टाकून दोघं उभ्याने बघू.

तुझे,
प्रेसवाले काका