वाचकांचे प्रश्न : आधारवरचा ज्ञानेश्वर आणि पॅनवरचा ज्ञानेश्वर

प्रश्न : मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात राहतो. माझे नाव ज्ञानेश्वर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि पॅन कार्डावर ते इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने सुरू होते, आधारवर मात्र ‘जे-एन’ने. एका कंपनीच्या ॲपवर खाते उघडताना तीनदा ‘नाव जुळत नाही’ असा संदेश आला. शिवाय आधारचा ओटीपी कोल्हापुरात नोकरीला असताना घेतलेल्या, आता बंद पडलेल्या नंबरवर जातो. नाव राजपत्रात छापून आणावे लागेल, असे झेरॉक्सच्या दुकानात सांगतात. आधारवर नाव कन्नडमध्ये आहे म्हणून हा घोळ होतो का?

उत्तर : नाही. कर्नाटकातील आधार कार्डावर बहुधा कन्नड आणि इंग्रजी अशी दोन्ही नावे असतात. पण नाव पडताळताना ताडून पाहिली जातात ती इंग्रजी अक्षरे. आपण मराठीत ‘द्न्य’ म्हणतो, म्हणून ‘डी’ने लिहितो, कन्नडच्या वळणाने तेच अक्षर ‘जे-एन’ होते. नोंदणी करणाऱ्याने आपल्या सवयीप्रमाणे टाइप केले असणार. सीमाभागातल्या कितीतरी ज्ञानेश्वरांचे, ज्ञानदेवांचे आणि ‘व’साठी कुठे ‘व्ही’ तर कुठे ‘डब्ल्यू’ लागलेल्या गावड्यांचे हेच दुखणे आहे. त्याचा राग कन्नड अक्षरांवर काढून उपयोग नाही.

आधी मोबाइल नंबर बदलून घ्यावा, कारण ओटीपीशिवाय पुढचे बहुतेक दरवाजे बंदच राहतात. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, त्यामुळे तो आधारला जोडलेला ठेवणे धोक्याचेही आहे. त्यासाठी आधार केंद्रावर जावे. कोणतेही कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. भाताच्या रोपलावणीने ठसे झिजले असतील, तर बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागून घ्यावी.

त्याच फेरीत नावही दुरुस्त करावे. तुमच्या दोन कागदपत्रांवर ‘डी’ आहे आणि एकावर ‘जे’, तेव्हा पॅनला हात न लावता आधारच बदलावे, आणि ओळखीचा पुरावा म्हणून पॅन कार्डच द्यावे. राजपत्राची गरज नावच पूर्णपणे बदलताना पडते, दोन-तीन अक्षरांच्या दुरुस्तीला सहसा नाही. मात्र आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून वडिलांचे नाव पूर्ण हवे की आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे नुसते आद्याक्षर, आडनाव आधी की शेवटी, हे सारे पॅनशी ताडून एका कागदावर इंग्रजीत लिहून न्यावे. ऑपरेटरला नाव तोंडी सांगू नये. तोंडी सांगितल्यानेच हे झाले आहे. केंद्रावर अर्जदाराच्या बाजूला एक स्क्रीन असते, तिच्यावर एकेक अक्षर वाचावे आणि पोचपावतीवर पुन्हा पडताळावे. बदल नोंदला गेल्याची खात्री झाल्यावरच ॲपवर पुन्हा प्रयत्न करावा. काही अडल्यास १९४७ या क्रमांकावर चौकशी करता येते.

जाता जाता पत्त्याविषयी : १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाम’चे ‘बेळगावी’ झाले, म्हणून जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव वेगळे दिसते. तेवढ्यासाठी वेगळी फेरी मारू नये. पिनकोड बरोबर आहे ना, एवढे पाहावे.