बारावी सायन्सनंतर टेक्स्टाइलला जावं का? घरचे म्हणतात, कम्प्युटरच घे.

जा, पण आधी एक काम कर. इचलकरंजीत कुणी ओळखीचं असेल तर दिवसभर यंत्रमागाच्या शेडमध्ये थांबून बघ. जुन्या धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या) मागाचा खडखडाट आणि नव्या एअरजेटवर हवेच्या झोतानं सुटणारा आडवा धागा, दोन्ही बघ. तो आवाज, ती गरमी सोसली आणि ‘धागा का तुटला?’ हा प्रश्न डोक्यातून जाईना, तर हे क्षेत्र तुझंच आहे.

शिक्षणाला इचलकरंजीचं डीकेटीई (१९८२ पासून), मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस आहे. रसायनाची, म्हणजे रंगाई-प्रोसेसिंगची आवड असेल तर माटुंग्याचं आयसीटी.

माझं ऐकशील तर सायझिंग, म्हणजे विणण्याआधी धाग्याला खळ लावणं, मनापासून शीक. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) खळ कमी बसली तर धागा घासून पिंजतो, जास्त बसली तर कडक होऊन तुटतो. आणि ताण्यातला एक धागा तुटला की माग थांबतो. हे गणित ज्याला जमतं, त्याला मालक सहजासहजी सोडत नाही. सुरुवातीला रात्रपाळी येऊ शकते, ती तयारी ठेव. जॉबरकडून, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, शिकायला लाजू नकोस, मागाचं दुखणं त्याला आवाजावरून कळतं.

हातमागाचीच ओढ असेल तर वाट वेगळी. येवल्याची पैठणी मागावर बसूनच येते. पदरावरच्या मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीनं (धागा गुंडाळलेल्या छोट्या नळीनं), हातानं भरतात. भरगच्च साडीला महिनेच्या महिने लागतात. तिथं मजुरीवर विणणं आणि स्वतः विणून विकणं यांच्या मिळकतीत मोठा फरक पडतो. तो येवल्यात जाऊन विणकरांनाच विचार.